आडनावातले गाव



'पोलंडमधील कुळांचा शोध' असा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कुठे पोलंड आणि कुठे कुंडलिकेच्या काठचे आपले हे गाव! आपल्या स्वतःच्या खापरपणजोबांचे नाव विचारले तर आपली तारांबळ उडते. मग परक्यांच्या पणजोबांची उठाठेव कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या शेवटी आपले आपल्यालाच सापडेल अशी मला उमेद आहे. सुरुवात मात्र आपल्या घरापासून करू.

आपल्याकडे आडनाव सांगितले की बहुधा गाव सांगितल्यासारखे होते. रोह्याचा तो रोहेकर, पेणचा तो पेणकर, किहीमचा तो केहिमकर. पोलिश लोकांचेही बरेचसे असेच आहे. त्यांच्या आडनावांच्या शेवटी जे 'स्की' येते, ते पुष्कळ ठिकाणी आपल्या 'कर'चे काम करते. तार्नुफ गावचे ते तार्नोव्स्की, पोझ्नान शहराचे ते पोझ्नान्स्की. जसे आपल्याकडे सगळीच आडनावे गावावरून येत नाहीत, जोशी आणि सुतार धंद्यावरून येतात, तसेच तिकडेही आहे. 'कोवाल' म्हणजे लोहार, आणि कोवाल्स्की हे आडनाव त्यावरून पडलेले. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. तिकडे नवरा कोवाल्स्की असेल तर बायको कोवाल्स्का होते. हा नियम ठाऊक नसलेल्या कारकुनाने पतिपत्नींची दोन निरनिराळी आडनावे समजून दोन निरनिराळ्या ठिकाणी नोंद केली, की पुढे नातवाला आजी सापडत नाही.

आडनावात गाव आहे म्हणून गाव सापडले, असे मात्र समजू नये. 'नोव्हा व्हियेश' या पोलिश नावाचा अर्थ नवे गाव, आणि या एका नावाची खेडी पोलंडमध्ये शेकड्यांनी आहेत. आपल्या नवेगावांसारखाच हा प्रकार. 'आमचे मूळ गाव नोव्हा व्हियेश' एवढ्यावर कोणी शोधास निघाला तर जन्म पुरणार नाही. कोणत्या तालुक्यातले, कोणत्या चर्चच्या हद्दीतले, हे कळले पाहिजे. कारण जुन्या पोलंडमध्ये सामान्य माणसाच्या जन्म-मरणाची नोंद प्रामुख्याने चर्चच्या वहीत होत असे. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदी ठेवाव्यात असे ठरविले, आणि ती चाल हळूहळू कॅथलिक देशांत रुजली. या नोंदींना पोलिश भाषेत 'मेट्रिका' म्हणतात. त्यांत एक गुण असा आहे की आपण तो घ्यावा. मूल कोणाचे हे लिहिताना पुढे पुढे त्यांत आईचे नाव माहेरच्या आडनावासह येऊ लागले. आपल्या जुन्या वंशावळी काढून पाहा. बाप, मुलगा, नातू अशी सरळ शिडी असते. लेकी तिच्यात नसतात, आणि सुना असल्याच तर सासरी ठेवलेल्या नावाने असतात. निम्मे कूळ कागदावर आलेच नाही.

आता या वह्यांची भाषा कोणती? येथे पोलंडचा इतिहास आडवा येतो. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला आणि पुढे १२३ वर्षे, म्हणजे १९१८ पर्यंत, पोलंड हे स्वतंत्र राज्य नकाशावर उरले नाही. देश एक, पण दप्तरे तीन झाली. ऑस्ट्रियाच्या वाट्यास गेलेल्या भागात १७८४ पासून लॅटिन भाषेत, रकाने आखून नोंदी होत. त्यांत घराचा क्रमांकसुद्धा असे. वॉर्सा शहराच्या आसपास १८०८ पासून एखादी गोष्ट सांगावी तशी सलग पोलिश मजकुराची नोंद होई. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक वयाचा शेतकरी दोन साक्षीदार घेऊन आला आणि त्याने मूल दाखविले, असा तो मजकूर. १८६८ पासून रशियन सरकारने हीच नोंद रशियन भाषेत करावयास लावली. प्रशियाच्या भागात १ ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी कचेरीत जर्मन भाषेत नोंद होऊ लागली. म्हणजे एकाच घराण्याचे तीन भाऊ तीन दिशांना गेले, तर त्यांच्या मुलांचे जन्म तीन भाषांत लिहिलेले मिळतील.

भाषा बदलली की नावेही वेष बदलतात. वोय्चेख हे अस्सल पोलिश नाव. लॅटिन लिहिणारा धर्मगुरू त्याच माणसाला अदाल्बेर्तुस म्हणून नोंदतो. ऐकणाऱ्यास दोन माणसे वाटावीत! आपल्याकडे घरात बाळू, शाळेत बाळकृष्ण आणि तलाठ्याच्या कागदावर आणखी काही, तशातलाच प्रकार. तारखांचेही तेच. रशियाचे पंचांग जुने आणि युरोपचे नवे. एकोणिसाव्या शतकात दोहोंत १२ दिवसांचे अंतर होते. म्हणून रशियन अमलातील नोंदींत पुष्कळदा एकाच घटनेच्या दोन तारखा आढळतात. शके आणि सन यांचा हिशेब घालणाऱ्यास ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर जे सांगितले ते शांतपणे नांदणाऱ्या कुळांचे. आता मी आपल्याला ज्या कुळांकडे न्यावयाचे आहे, त्यांची हकीकत निराळी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएट फौजा आत शिरल्या. पूर्वेकडील त्या पट्ट्याला पोलिश लोक 'क्रेसी', म्हणजे सीमाप्रांत, म्हणतात. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत तेथील कुटुंबांना पहाटे उठवून, हाती लागेल ते घेऊन मालगाडीच्या डब्यांत बसण्यास सांगण्यात आले. एप्रिल आणि जून १९४० मध्ये, आणि पुन्हा १९४१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, असे आणखी तीन लोंढे निघाले. सोव्हिएट दप्तरांच्याच हिशेबाने तीन लाखांहून अधिक माणसे अशी सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत नेली गेली. अर्ध्या तासात घर सोडणारी आई मुलांचे कपडे घेईल, पीठ घेईल. जन्माचे दाखले आणि लग्नाचे फोटो घेण्याचे भान तिला कोठून राहणार?

पुढे जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा वारे फिरले. ३० जुलै १९४१ च्या करारान्वये या लोकांना मोकळे करण्याचे ठरले. सेनापती आंदेर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभे केले, आणि १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणच्या पाहलवी बंदरात उतरली. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांचे काय करावयाचे? त्यांतील काही हजार हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, हे अलीकडे सर्वांच्या ऐकण्यात आहे. परंतु सर्वांत मोठी वस्ती झाली ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या आसपास, वळिवडे येथे. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली.

बराकींचे ते गाव होते. पण गाव होते. तेथे पोलिश शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती. आजाऱ्यांसाठी पाचगणीला सोय होती. सीमाप्रांतातल्या शंभर खेड्यांतून उखडलेली माणसे एका ओळीत शेजारी झाली. तेथे मुले मोठी झाली, काही लग्ने लागली, काही बाळे जन्मली, आणि काही माणसे तेथेच मातीआड झाली. त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. १९४८ मध्ये छावणी उठली. युद्धानंतर सीमाप्रांत सोव्हिएट संघाकडे गेला होता, म्हणून बहुतेकांना परतायला घरच उरले नव्हते. कोणी ब्रिटनला गेले, कोणी पूर्व आफ्रिकेत, तेथून पुढे कोणी कॅनडाला, कोणी ऑस्ट्रेलियाला. रिकाम्या वळिवड्यात सिंधमधून आलेले निर्वासित येऊन राहिले आणि त्यांचे गांधीनगर उभे राहिले. एका उखडलेल्या समाजाच्या जागी दुसरा उखडलेला समाज!

समजा, या वळिवड्यात वाढलेल्या एका मुलीची नात आज लंडनला आहे. आजी गेली. नातीच्या हाती आजीचे एक छायाचित्र आहे, मागे 'वळिवडे, १९४६' एवढेच लिहिलेले. हिने आपले कूळ शोधावयाचे कसे?

पहिला नियम असा की शोध जवळून दूर न्यावा, दुरून जवळ आणू नये. प्रथम घर. आजीची पत्रे, प्रार्थनेची पुस्तके, कबरीवरचा मजकूर, आजीच्या मैत्रिणी. दुसरी पायरी म्हणजे निर्वासनाचे कागद. हिंदुस्थानातून गेलेल्या या पोलिश मंडळींनी पुढे आपला संघ स्थापून आठवणींचा मोठा ग्रंथच सिद्ध केला आहे. लंडनमधील सिकोर्स्की संस्थेत आणि कॅलिफोर्नियातील हूव्हर संस्थेत त्या काळची दप्तरे आहेत. हूव्हर संस्थेत तर रशियातून सुटून आलेल्या साध्या माणसांनी आणि मुलांनीसुद्धा स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या जबान्या आहेत. पोलंडात 'कार्ता' या संस्थेने सोव्हिएट जुलमास बळी पडलेल्यांची मोठी सूची तयार केली. आजोबा सैन्यात असतील, तर त्यांच्या सेवापत्रकात जन्मगाव आणि आईबापांची नावे मिळण्याचा संभव असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या निर्वासितांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार आहे. या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट हाती यावयाची असते, ती म्हणजे गावाचे नाव.

येथे एक फसगत फार जणांची होते. फेब्रुवारी १९४० मध्ये जी कुटुंबे नेली गेली, त्यांत माजी सैनिकांची कुटुंबे पुष्कळ होती. १९२० नंतर पोलिश सरकारने त्यांना पूर्वेकडे जमिनी देऊन वसविले होते. म्हणजे कागदावर दिसणारे गाव हे घर सोडल्याचे गाव. पणजोबा जन्मले ते दुसरीकडेच, कदाचित पाचशे किलोमीटरवर. राहते गाव आणि मूळ गाव यांतला हा भेद रोह्याच्या माणसाला लगेच कळेल. मुंबईच्या चाळीत तीन पिढ्या काढलेला माणूस धावीर महाराजांच्या पालखीला रोह्यास येतो. उद्या कोणी त्याचे कूळ केवळ गिरगावात शोधील तर काय सापडणार?

गाव कळले की तिसरी पायरी. ते गाव आज कोणत्या देशात आहे? जुन्या सीमाप्रांताचे आज लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेन असे भाग झाले आहेत. ल्वूफचे आता ल्विव्ह झाले, विल्नोचे विल्नियस झाले. काही वह्या तेथल्या अभिलेखागारांत राहिल्या. काही माणसांबरोबर बूग नदी ओलांडून पश्चिमेस आल्या, आणि आज वॉर्साच्या जुन्या कागदपत्रांच्या मुख्य अभिलेखागारात व नोंदणी कचेरीत आहेत. काही युद्धात जळाल्या. पोलंडात जन्माची नोंद १०० वर्षे, आणि विवाह व मृत्यूची ८० वर्षे, नोंदणी कचेरीत राहते. मग ती अभिलेखागारात जाते आणि सर्वांना खुली होते. अलीकडे या पुराण्या वह्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात, हे खरे. पण यंत्र नाव शोधून देते; तो आपलाच वोय्चेख की शेजारच्या गावचा, हे ठरविण्याचे काम माणसाचेच. त्यासाठी नाव, वय, आईचे माहेर आणि घराचा क्रमांक यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्यावाचून पुढची पिढी जोडू नये.

आता या सगळ्या साखळीकडे पुन्हा एकदा पाहा. तिची सर्वांत नाजूक कडी कोणती? वॉर्साचे अभिलेखागार नव्हे; ते भक्कम आहे. नाजूक कडी म्हणजे वळिवड्याच्या बराकीत संध्याकाळी मुलांना घेऊन बसलेली आई. घर गेले, कागद गेले, नवरा लढाईवर. तिने जर मुलांना 'आपले गाव अमुक, त्याजवळ नदी तमुक, तुझ्या आजीचे माहेर फलाण्याकडचे' असे सांगितले असेल, तर साखळी टिकली. ती रडू आवरण्यासाठी गप्प राहिली असेल, तर युरोपातल्या सगळ्या वह्या मिळूनही नातीच्या उपयोगी पडत नाहीत. दप्तर मोठे असते, पण त्याची किल्ली आठवणीत असते.

आपली गोष्ट काय निराळी आहे? आपल्याकडेही दप्तरे कमी नाहीत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सह्यांनिशी नोंदलेली आहेत. पुण्याचे पेशवे दप्तर आहे. तहसील कचेरीत जुने फेरफार आहेत. माणूस वारला की वारस म्हणून मुलांबरोबर मुलींची आणि विधवेची नावे त्यांत येतात, म्हणजे वंशावळीने ज्या लेकी गाळल्या त्या येथे भेटतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या आहेत, शाळेचे जनरल रजिस्टर आहे. यांतले पुष्कळसे जुने कागद मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा शोध घेण्याची पाळी आली. ज्या लिपीत आपल्या आजोबांनी हिशेब लिहिले, ती लिपी वाचावयास माणूस मिळू नये, ही गोष्ट रशियन अमलातील नोंद हाती धरून बसलेल्या लंडनच्या नातीपेक्षा फार वेगळी नाही.

आणि आणखी एक. आपल्या रोह्याचे, पेणचे, अलिबागचे नाव आडनावात घेऊन निघून गेलेली माणसे आहेत. आपले बेने इस्रायल बांधव, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून आपण 'शनवार तेली' म्हणत होतो. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्यांचा इतिहास लिहून ठेवला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पण प्रत्येक घराण्याला केहिमकर लाभत नाही. एखादा तरुण रोहेकर उद्या इस्रायलहून येथे येईल आणि विचारील, 'आमचे घर कोणत्या आळीत होते? आमच्या पणजीची कबर कुठे आहे?' त्या वेळी त्याची किल्ली त्याच्याजवळ नसेल. ती आपल्याजवळ असेल. शाळेच्या रजिस्टरात असेल, एखाद्या जुन्या दुकानदाराच्या खतावणीत असेल, इथल्या एखाद्या आजीच्या आठवणीत असेल.

कोल्हापूरकरांनी ही जबाबदारी ओळखली. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला, तेव्हा तेथे लहानपण घालविलेले वृद्ध पोलिश स्त्री-पुरुष दूरदेशांहून आले. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचे नाव कोरले गेले, याचे कारण कोल्हापूरच्या मातीत काही पोलिश कुळांचे एक पान लिहिले गेले आहे.

तेव्हा, परक्यांच्या पणजोबांची उठाठेव कशाला, या प्रश्नाचे उत्तर असे की परक्यांच्या पणजोबांचा पत्ता कधी कधी आपल्यापाशी असतो आणि आपल्या पणजोबांचा परक्यांपाशी. कूळ ही एका घराची मिरास नव्हे. ती शेजाऱ्यांनी मिळून सांभाळावयाची ठेव आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करावे, एवढीच विनंती. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ, बहुधा ती आजीच असेल, वही घेऊन बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तुझे माहेरचे पूर्ण नाव काय, तुझ्या आईचे माहेर कोणते, आणि शेजारी कोण राहत होते. उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून, खाली तारीख आणि गाव घालावे. जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. हे काम सवडीने करण्याचे नाही. वह्या अभिलेखागारात शंभर वर्षे वाट पाहतात. आजी वाट पाहत नाही.